सरासरीतला काना

अनंतराव रेव्हेन्यू इन्स्पेक्टर बैलगाडीतून खाली न उतरता शेतातलं पीक सांगायचे. गाडी चालत असायची, गालात पान असायचं, आणि डावीकडे एक नजर टाकून ते म्हणायचे, "नऊ आणे." मागे बसलेला पटवारी वहीत नऊ आणे लिहायचा. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक, आठ आणे म्हणजे निम्मं. या आणेवारीवर गावाचा सारा ठरायचा आणि आणे फारच खाली उतरले तर साऱ्यात सूट मिळायची. नऊ वर्षांत अनंतरावांचा अंदाज चुकला असं कुणी म्हटलं नव्हतं. म्हणणार कोण, मोजलंच नव्हतं कुणी.

छप्पनच्या नोव्हेंबरात नवा प्रदेश झाला. बऱ्हाणपूर होतं तिथंच राहिलं, तापीनंही दिशा बदलली नाही, फक्त वरची कचेरी नागपूरहून उठून भोपाळला गेली. चार राज्यांचे नोकर एका यादीत बसवायचे होते. चार घरची भांडी एका मांडणीवर लावायची म्हटलं की आवाज हा व्हायचाच. कोण सीनियर, कोण ज्युनियर, कुणाचा पगार कुणाबरोबर, यावर कचेऱ्यांतून वर्षभर नुसता चहा उकळत होता. त्यातच सत्तावन्नच्या एप्रिलात नवे पैसे आले आणि आणा बाद झाला. आणेवारी मात्र आण्यांतच चालू राहिली. नाणं गेलं आणि अंदाज उरला, सरकारला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग ते परिपत्रक आलं. पिकाचा अंदाज यापुढे डोळ्यांनी नव्हे, सांख्यिकीनं काढायचा. प्रत्येक रेव्हेन्यू इन्स्पेक्टरनं सांख्यिकीची लेखी परीक्षा द्यायची, आणि शिवाय एका गावात स्वतः उभं राहून पीक कापायचं, तोलायचं आणि हिंदीत अहवाल पाठवायचा. दोन्हींत जो उतरणार नाही तो आपल्या मूळ जागेवर परत.

अनंतरावांची मूळ जागा पटवाऱ्याची होती. एकवीस वर्षं त्यांनी गावोगाव जमीन मोजायची जरीब ओढली होती, पाटलांच्या ओसरीवर झोपले होते, येणाऱ्या प्रत्येक इन्स्पेक्टरपुढे उभे राहिले होते. आता अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पुन्हा तेच? आणि त्यांच्या जागी येणार कोण, तर त्यांच्याच हाताखालचा सुधाकर पटवारी, ज्याला त्यांनी नकाशा कुठून धरायचा ते शिकवलं होतं. त्याला "साहेब" म्हणायचं या विचारानंच ते ताटावरून अर्धपोटी उठले.

"मग शिका की," गोदाबाई म्हणाल्या. "वरातीमागून घोडं, पण घोडं तरी असू द्या."

शिकवणार कोण? ते राहत त्या पूर्ण शनवारा मोहल्ल्यात सांख्यिकी येणारी एकच व्यक्ती होती आणि तिला अनंतरावांनी झबल्यात पाहिलेलं होतं. मालती ही त्यांचे दिवंगत मित्र श्रीकांत मास्तर यांची मुलगी. नागपूरला जाऊन बी.एस्सी. झाली होती आणि मुलींच्या शाळेत गणित शिकवत होती. अनंतराव तिच्या घरी गेले, तिच्या आईच्या संधिवाताची चौकशी केली, पावसाची केली, केळीच्या भावाची केली, आणि उठता उठता उंबऱ्यात म्हणाले, "मालू, ते आकडेशास्त्र म्हणतात ते काय असतं गं?"

मालतीनं परिपत्रक शाळेतच वाचलं होतं. हसू दाबून ती म्हणाली, "शिकवीन काका. रविवारी सकाळी या. पण एक अट आहे. माझ्यासमोर मनानं आकडा लिहायचा नाही."

"मनानं म्हणजे?"

"म्हणजे न मोजता."

अनंतरावांना ही अट जरा उद्धटच वाटली. पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ती त्यांनी तात्पुरती बाजूला ठेवली आणि पहिल्या रविवारी पाटी-पेन्सिल घेऊन हजर झाले. "मालू" म्हणायचं की "बाई" हा प्रश्न होताच. त्यांनी तोड काढली. चुकले की मालू, आणि बरोबर आलं की बाई.

पहिला धडा नाण्याचा होता. मालतीनं रुपया उडवला. छापा. पुन्हा छापा. पाच वेळा ओळीनं छापाच पडला.

"आता सहाव्यांदा काय येईल, काका?"

"काटा," अनंतराव ठासून म्हणाले. "काट्याची पाळी आहे."

"पाळी नसते. आधी जेवढी होती तेवढीच शक्यता. निम्मी छाप्याची, निम्मी काट्याची. नाण्याला मागचं काही आठवत नाही."

"असं कसं आठवत नाही? पाच वेळा त्याला डावललंय. सीनियॉरिटी नावाची काही चीज आहे की नाही?"

मालतीनं पुन्हा रुपया उडवला. छापा पडला. अनंतरावांचा चेहरा असा झाला, जणू यादीत त्यांचंच नाव गाळलंय. सरकारी नोकरीत तीस वर्षं घालवलेल्या माणसाला शक्यता समजावणं सोपं नसतं. त्याला पाळी कळते, वशिला कळतो आणि नशीब कळतं. ज्याला यांतलं काहीच लागू नाही अशी गोष्ट जगात असते, हे त्याला पटत नाही. पुढचा आठवडाभर अनंतराव दुपारी जेवून अंगणात नाणं उडवत बसायचे आणि रेघा मारायचे. पाचशे उडवण्यांत काटा दोनशे एक्कावन्न वेळा पडला, तेव्हा ते थोडे निवळले. "न्याय मिळतो," ते गोदाबाईंना म्हणाले, "पण अर्ज फार करावे लागतात."

दुसरा धडा नमुन्याचा होता. मालतीनं त्यांना बाजारात पाठवलं. भाईदास केळीवाल्याची बहादरपूरहून आलेली गाडी उभी होती. एका घडाला सरासरी किती फण्या, हे काढून आणायचं होतं. अनंतरावांनी वरचे सहा घड मोजले आणि नऊ फण्या अशी सरासरी काढून आले.

"वरचेच का मोजले?"

"वरच होते म्हणून."

"आणि भाईदास वर कसले घड ठेवतो?"

अनंतराव तसेच परत गेले. भाईदासला पूर्ण गाडी उतरवायला लावली, त्याच्या शिव्या खाल्ल्या आणि तळापासून सगळे घड मोजले. सरासरी साडेसहा. ते परतले तेव्हा धोतराला केळीच्या चिकाचे डाग होते आणि डोळ्यांत काहीतरी नवं होतं. नऊ वर्षं आपणही वरचेच घड मोजत होतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पण ते त्यांनी मालतीला सांगितलं नाही. माणूस विद्यार्थी झाला म्हणून लगेच शहाणा थोडाच होतो?

घरी त्यांनी गोदाबाईंना नमुना समजावून सांगायला घेतला. "बघ, शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, हे तेच."

"पण मी आधी भात खालीवर करते," गोदाबाई म्हणाल्या, "मग शीत घेते. वरचं शीत शिजलेलंच दिसणार आणि तळचं करपलेलं. हे शिकायला नागपूरला जावं लागतं होय?"

अनंतरावांनी ते वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवलं आणि पुढच्या रविवारी स्वतःचं म्हणून सांगितलं. मालती खूश झाली. बाई झाली.

मग यादृच्छिक अंकांचं पान आलं. छापील पान, त्यावर नुसते आकडे, ना क्रम ना अर्थ. कोणतं शेत कापायचं ते या पानानं ठरवायचं, माणसानं नाही. अनंतराव ते पान खिशात घालून चहाला गेले आणि तिथं पसरून वाचत बसले. तासाभरात बातमी गावभर झाली. बऱ्हाणपुरात तेव्हा कापसाच्या भावावर आकडा लावणारे पुष्कळ होते, आणि अनंतराव मास्तरणीकडून "आकडेशास्त्र" शिकतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. एवढ्यावरून दोन आणि दोन जोडायला सांख्यिकी लागत नाही. भाईदास संध्याकाळी केळीची अख्खी फणी घेऊन घरी आला.

"अनंतराव, ते गाडीचं माफ. आज कोणता लावू, एक बता दो बस."

"अरे बाबा, यात काही कळतच नाही. हेच तर याचं शास्त्र आहे."

"हां, हां, समझलो," भाईदास डोळा मिचकावून म्हणाला, "पक्क्या मानसाला कोनी विचारलं का असंच म्हनतो." आणि फणी ठेवून गेला.

ऑक्टोबरात लेखी परीक्षा झाली. अनंतरावांनी पेपर लिहिला आणि बाहेर येऊन मालतीला प्रत्येक उत्तर तोंडी सांगितलं. तिनं मान डोलावली. "आता प्रयोग तेवढा नीट करा, काका. आणि अहवालात हिंदी शब्द वापरा. साहेब ग्वाल्हेरकडचे आहेत म्हणतात."

पिकाच्या प्रयोगाला त्यांच्या वाट्याला सावळी आलं, खकनारच्या अलीकडचं गाव. गाव माहितीतलं होतं. दरवर्षी सावळीला गेलं की गिरधर पाटलाच्या ओट्यावर चहा व्हायचा, आणि मग पाटील रस्त्याकाठचं आपलं विहिरीचं वावर दाखवायचा. आपलं पीक चांगलं आहे हे सरकारी कागदावर असावं, एवढाच त्याचा हट्ट. त्या हौसेपायी पूर्ण गाव दरसाल नऊ आण्यांत जायचं. नाल्यापलीकडच्या खडकाळ वावरात ज्यांची ज्वारी कंबरेएवढीही वाढत नव्हती तेही नऊ आण्यांत. गावानं कधी तक्रार केली नव्हती. पाटलाचं वावर वाईट आहे असं म्हणणार कोण?

या खेपेला अनंतरावांनी चहा घेतला, पण आकड्यांचं पान उघडलं आणि त्यातून शेतांचे चार नंबर काढले. चारही नाल्यापलीकडचे.

"साहेब, ते नंबर कायले घेता?" गिरधर पाटील म्हणाला. "तिकडे गाडी जात नई. हे पहा ना समोरचं, मोत्यासारखं कनीस हाये."

"नंबर निघाला, पाटील. माझ्या हातात नाही."

"कोनाच्या हातात हाये मग?"

"कुणाच्याच नाही," अनंतराव म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांना विलक्षण बरं वाटलं. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यावर कुणाचा भार नव्हता, पाटलाचाही नाही आणि साहेबाचाही नाही.

पहिलं वावर कडू नावाच्या शेतकऱ्याचं निघालं. अनंतराव धोतर खोचून नाला उतरले. तेहतीस फुटांचा दोर चारी बाजूंनी ताणला, खुंट्या मारल्या आणि आतली ज्वारी कापायला लावली. कडू बाजूला उभा राहून बघत होता. त्याची बायको रंभाबाई कणसं झोडत होती. चांगल्या पिकाला तेवढ्या चौकोनात आठ शेर दाणा निघायला हवा. काट्यावर सव्वादोन शेर भरला.

"पुन्हा तोला," अनंतराव म्हणाले. पुन्हा सव्वादोनच.

"इतलंच निघते, साहेब," रंभाबाई म्हणाली. "आमाले ठाऊक व्हतं. तुमाले आज कळलं."

ती रागानं बोलली नव्हती आणि तेच जास्त लागलं. अनंतरावांना शरम वाटली. खरीखुरी शरम, मान खाली घालायला लावणारी. पुढची तीन वावरं त्यांनी तीन दिवसांत कापली. तीन शेर, अडीच शेर आणि पुन्हा सव्वादोन. चारांची बेरीज दहा, सरासरी अडीच, म्हणजे पाच आणे. हा भागाकार त्यांनी सहा वेळा केला. आयुष्यात हजारो आकडे लिहिले होते, पण हा एकच आपल्या घामाचा आहे असं त्यांना वाटलं, आणि तो वहीत लिहिताना त्यांनी नवीन निब लावली.

अहवाल त्यांनी हिंदीत लिहिला. मालतीला दाखवायला वेळ नव्हता, टपाल निघत होतं. वरती मोठ्या अक्षरांत मथळा घातला, "ग्राम सावळी, ज्वार की सरासरी उपज". नागपूरच्या दिवसांपासून प्रत्येक अहवालावर हाच शब्द असायचा, आणि नागपूरकडच्या साहेबांना त्यात कधी काही खटकलं नव्हतं.

सुधाकर पटवाऱ्यालाही बढतीसाठी प्रयोग करायचा होता. त्यानं शेजारच्या गावी पाटलाच्या ओट्यावर बसून चार आकडे लिहिले आणि मथळा दिला, "औसत उपज". त्याचं हिंदी साफ होतं, बायको खंडव्याची.

जानेवारीत कारणे दाखवा नोटीस आली. अनंतरावांनी ती उभ्यानं वाचली आणि मग बसले. "आपने अपनी रिपोर्ट में स्वयं स्वीकार किया है कि उपज का आकलन सरसरी तौर पर किया गया। कारण बताइए कि आपको मूल पद पर क्यों न लौटाया जाए।" सोबत त्यांचा अहवाल परत आला होता. मथळ्यातल्या "सरासरी" मधला एक काना लाल शाईनं खोडलेला होता. साहेबांनी शुद्धलेखन सुधारून दिलं होतं. तिकडच्या हिंदीत सरसरी म्हणजे वरवरचं, घाईनं उरकलेलं.

ते तसेच मालतीकडे गेले. तिनं कागद पाहिला आणि कपाळावर हात मारला. "काका! औसत! मी शंभरदा सांगितलं होतं!"

"अगं, जन्मभर जे लिहिलं तेच हातून गेलं."

"जन्मभर," ती रागानं म्हणाली, "नाल्यापलीकडे गेला नव्हतात तेव्हाही हेच लिहिलंत, आणि आता गेलात तेव्हाही." मग तिलाच वाईट वाटलं. डोळे पुसत तिनं कपाटातून वडिलांचा मराठी-हिंदी कोश काढून दिला. "हा दाखवा. साहेब वाचणारे असले तर समजतील."

साहेब वाचणारे होते. हीच पंचाईत झाली. बारीक अंगाचे, शांत, टेबलावर सांख्यिकीचं पुस्तक ठेवणारे. कचेरीत त्यांच्या शेजारी कारकून जबानी लिहायला बसला होता.

"सर," अनंतराव म्हणाले, "आपने हमारा काना काट दिया।"

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "काना? कौन काना?" हिंदीत काना म्हणजे एकाक्ष. त्यांच्या हाताखाली तसा कुणी नव्हता.

अनंतरावांनी कोश उघडून बोट ठेवलं. साहेबांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि खळखळून हसले. "सरासरी माने औसत! अरे भाई, यानी एक मात्रा मैंने काटी और नौकरी आपकी कट रही थी!" त्यांनी स्वतः लेखणी घेऊन खोडलेला काना पुन्हा लावला. अनंतरावांच्या छातीवरचा दगड उतरला. साहेब देवमाणूस आहेत, असं ते मनात म्हणालेसुद्धा.

"मगर ठहरिए," साहेब म्हणाले आणि त्यांनी फडताळातून जुना गठ्ठा काढला. सावळीचे मागचे नऊ अहवाल. प्रत्येकावर "सरासरी", आणि प्रत्येकातला काना त्यांनी मागच्याच आठवड्यात लाल शाईनं खोडलेला. "आपके साथ बड़ा अन्याय हुआ। ये सब भी सरासरी ही हैं न?" उत्तराची वाट न पाहता ते एकेक काना परत लावत गेले. पहिला, दुसरा, तिसरा. नऊच्या नऊ. वर्षांच्या पुढे आकडे होते. नऊ, नऊ, आठ, नऊ, दहा, नऊ, नऊ, आठ, दहा. मधले आठ आणि दहा अनंतरावांनी संशय नको म्हणून घातले होते.

मग साहेबांनी कागदावर बेरीज केली. "नौ साल का औसत, नौ आना। और इस साल आपका पाँच। अब बताइए, किताब क्या कहती है? जो आँकड़ा बाक़ियों से इतनी दूर हो?"

"उसे जाँचो, ऐसा कहती है, सर।"

"जाँच लिया। नौ एक तरफ़, एक एक तरफ़। कोई गड़बड़ हुई होगी, डोर ढीली रही होगी। इसे छोड़ देते हैं। आप नौ आना लिखकर दस्तख़त कर दीजिए, नोटिस वापस। लिखित में तो आप वैसे भी बहुत अच्छे आए हैं।"

त्यांनी कागद पुढे सरकवला. लेखणी दिली. अनंतरावांनी ती हातात घेतली.

खरं म्हणजे आता विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं. सही केली की इन्स्पेक्टर, सुधाकर हाताखाली, गोदाबाई निवांत. नऊ वर्षांचं खोटं उघडं पडण्याची शक्यता किती, हे काढायला मालतीची गरज नव्हती. शून्य. नऊ खोटे आकडे एकजुटीनं बसले होते, आणि शास्त्राच्या नियमानंच एका खऱ्या आकड्याला पंगतीतून उठवत होते. अनंतरावांना एकदम संताप आला. साहेबांचा नाही, त्या नऊ आकड्यांचा. इतके दिवस ते निमूट पडून होते आणि आता सीनियॉरिटी दाखवत होते.

"सर," ते म्हणाले, "इस साल का काना रहने दीजिए। उन नौ का निकाल दीजिए।"

"मतलब?"

"ये सरासरी है। वो नौ सरसरी थीं। मैं गाड़ी से उतरा ही नहीं था।"

कारकुनाची लेखणी थांबली. साहेबांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

"आप समझ रहे हैं, क्या बोल रहे हैं?"

"जी।"

"देखिए, सब यही करते हैं। मैं जानता हूँ, ऊपर वाले भी जानते हैं। मगर आज तक किसी ने बोला नहीं था।" त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट हळहळ होती. "आपने बोल दिया, तो अब मुझे सुनना पड़ेगा। लिखो भाई।" कारकून लिहू लागला.

साहेबांनी नऊ अहवाल पुन्हा पुढे ओढले आणि एकेक काना खोडला. सावळीला त्या वर्षी पाच आणे लागले आणि साऱ्यात सूट मिळाली. गिरधर पाटील कचेरीत तक्रार घेऊन गेला, की आपलं वावर पाच आण्यांत बसवून आपली बेइज्जती केली आहे.

हुकूम घेऊन सुधाकरच घरी आला. नवा कोट होता, पण अंगात नीट बसत नव्हता. गोदाबाईंनी चहा ठेवला. तो खालच्या आवाजात म्हणाला, "अनंतराव, साहेबांसमोर माझं नाव तर नाही ना घेतलं? म्हणजे माझ्या त्या प्रयोगाचं?"

"नाही."

"पुढं कधी विचारलं तर?"

"तुला कोण विचारणार, सुधाकर? तू औसत लिहितोस. त्यातून खोडायला कानाच नाही."

सुधाकरला ते कौतुक वाटलं की काय कोण जाणे, पण त्यानं चहा संपवला, पायांना हात लावला आणि गेला. अनंतराव हुकुमाचे दोन्ही कागद मांडीवर घेऊन बसले. गोदाबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांना मघापासून सगळं ऐकू आलं होतं, तरी त्यांनी विचारलं.

"काय लिहिलंय?"

"एकात लिहिलंय, परीक्षेत पहिला आलो."

"आणि दुसऱ्यात?"

"दुसऱ्यात लिहिलंय, सोमवारपासून पटवारी."

गोदाबाई खाली बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. "नऊ वर्षं खोटं लिहिलंत तेव्हा इन्स्पेक्टर होतात," त्या म्हणाल्या, "एकदा खरं बोललात तर पटवारी. जाळा ते तुमचं शास्त्र." थोड्या वेळानं त्यांनी पदरानं नाक पुसलं, पहिला कागद त्यांच्या मांडीवरून उचलला, वाचता येत नसूनही दोन्ही बाजूंनी पाहिला, आणि म्हणाल्या, "पहिला म्हणजे किती जणांत?"

"त्रेसष्ट."

"मोजलेत?"

"मोजले," अनंतराव म्हणाले.